तुम्ही विचारलंत म्हणून: बेचाळीस वर्षं तोच निकाल, तरी बघायचं?

पुण्याला आले की कोणी ना कोणी विचारतंच. "व्हिएन्नात तू बायकांच्या हँडबॉलची लीग बघतेस म्हणे. तिथे दरवर्षी एकच संघ जिंकायचा ना? मग तिकीट काढून जायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. १९७७ ते २०१८, ऑस्ट्रियाचं महिला विजेतेपद सलग ४२ वेळा एकाच क्लबकडे गेलं. हिपो नीडरओस्टराइख. हिपो हे बँकेचं नाव. मधल्या काळात प्रायोजक बदलले तसं क्लबचं नावही बदललं, पण चषक हलला नाही.

व्हिएन्नाच्या दक्षिणेला, बाडनर बान या उपनगरी रेल्वेच्या मार्गावर त्यांचं मैदान आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा मी खेळापेक्षा हातच बघत बसले. चेंडू निसटू नये म्हणून बोटांना राळ लावलेली, त्यामुळे घाम पुसायचा तो मनगटानं. पाहुण्या संघातली एक पोरगी दहा गोलांनी मागे असतानाही गोलसमोरच्या डी-च्या रेषेवरून उडी मारून आत झेपावत होती, आपटत होती, उठत होती. लीग खरी होती ती दुसऱ्या नंबरासाठी, आणि ती चुरशीची असायची.

हे साम्राज्य क्लबचे प्रशिक्षक गुन्नार प्रोकोप यांचं. (पत्नी लीझे १९६८च्या ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉनचं रौप्य मिळवलेली, पुढे देशाची गृहमंत्री. घरात ढिलाई चालत नसावी.) त्यांनी बाहेरून माणसं आणली. लिथुआनियाची औश्रा फ्रिड्रिकास इथे येऊन ऑस्ट्रियाकडून खेळली आणि १९९९च्या विश्वचषकात देशाला कांस्य मिळालं. युरोपातलं सर्वोच्च विजेतेपद हिपोनं ८ वेळा जिंकलं. पुढे ब्राझीलच्या खेळाडूंची अख्खी फळीच इथे तयार झाली आणि २०१३ला ब्राझील जगज्जेता ठरला. देशाचं नाव मोठं केलं ते या क्लबनं, आणि लीगमधली उत्कंठा खाल्ली तीही यानंच. मला दोन्ही एकदमच आठवतं.

२००९मध्ये चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा सामना, समोर फ्रान्सचा मेट्झ, २७-२७, शेवटचे काही सेकंद. मेट्झची खेळाडू गोलकडे धावतेय आणि प्रोकोप स्वतः मैदानात घुसून तिला आडवे गेले! वय जवळपास सत्तर. बरोबरी टिकली, पण त्यांच्यावर ३ वर्षांची बंदी आली. घरच्या लीगमध्ये ३३ वर्षं दुसरं कोणी जिंकलेलंच पाहिलं नाही, की माणसाचं हे असं होतं, असं आपलं माझं मत.

शेवटी २०१९ला अॅट्झगर्सडॉर्फनं ही मालिका तोडली. व्हिएन्नातलाच क्लब, नावात 'कामगार' शब्द असलेला.

मी? मी तेव्हा पुण्यात, भाचीच्या लग्नात. अक्षता पडत होत्या आणि माझ्या पर्समध्ये फोन सारखा थरथरत होता.