कॅलेंडरवरचे खाडे

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कुणी तिथी फारशी पाहत नाही. दुधाचा खाडा झाला की फुली, कामाच्या मावशी आल्या नाहीत की गोल, नवा सिलिंडर लावला त्या तारखेवर 'गॅ'. सासूबाईंना ही विटंबना वाटते. मला मात्र अलीकडे थेट लॅटिनचा आधार सापडलाय.

रोमन लोकांचं 'कालेंडारियुम' म्हणजे मुळात सावकाराची वही. महिन्याचा पहिला दिवस 'कालेंडे', आणि व्याज भरायचा दिवसही तोच. कुणाकडून किती येणं आहे ते या वहीत. म्हणजे तारखा नंतर आल्या, उधारी आधी! एक तारखेला हप्ता कापल्याचा मेसेज येतो, तेव्हा ही व्युत्पत्ती जरा जास्तच पटते.

मग नादच लागला. 'अल्बुम' म्हणजे नुसतं पांढरं. प्रेटर हा न्यायाधिकारी आपले नियम पांढऱ्या रंगवलेल्या फळीवर लिहून चारचौघांत लावायचा, ती फळी म्हणजे अल्बुम. आमच्या लग्नाचा अल्बम माळ्यावर आहे, ते एक बरंच आहे. 'कोडेक्स' म्हणजे बांधीव वही, पण शब्दाचा मूळ अर्थ झाडाचं खोड. 'ताबुला' म्हणजे फळी, म्हणून दप्तरखाना 'ताबुलारियुम'. इ.स.पू. ७८ मध्ये कॉन्सुल, म्हणजे रोममधल्या सर्वोच्च पदावर, असलेल्या कॅटुलसने तो बांधवला. कॅपिटोल टेकडीच्या उतारावरच्या ज्या दगडी भिंतींना लोक ताबुलारियुम म्हणतात, त्यांच्यावर आज रोमच्या महापालिकेची इमारत उभी आहे. या भिंती त्याच का, यावर जाणकारांत भांडण आहे. दप्तरखान्याचीच नोंद सापडू नये, हे मला फार आवडलं. आपलं 'दप्तर' फारसीतून आलं, पण त्याच्याही मुळाशी ग्रीक कातडं आहे.

सगळ्यात लाडका शब्द 'स्टिलुस'. मेणाच्या पाटीवर लिहायची ही लेखणी एका टोकाला अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला चपटी. चपट्या टोकाने मेण सारखं केलं की लिहिलेलं गायब. 'लेखणी उलटी कर' म्हणजे खोडून नीट लिही, असा तिकडे वाक्प्रचारच होता.

परवा दूधवाले दादा हिशेबाला आले. त्यांच्या वहीत खाडे तीन, माझ्या फुल्या चार. ते कॅलेंडरजवळ गेले, चष्मा लावला आणि बावीस तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "वहिनी, ही फुली पेन्सिलची आहे."