उलट दोरी

अंबडच्या वर्कशॉपमध्ये महिनाभर बिनतक्रार चाललेला आमचा खोका येवल्यात अर्ध्या तासात अडला.

खोका म्हणजे हातमागावर बसणारं छोटं इलेक्ट्रॉनिक जेकार्ड. जुन्या जेकार्डला बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, दर ओळीसाठी भोकं पाडलेला एक पुठ्ठा लागतो. भोक असेल तिथला हूक ताण्याचे, म्हणजे उभे, धागे घेऊन वर जातो, नसेल तिथला खालीच राहतो. काठाची नवी नक्षी म्हणजे पुठ्ठ्यांची नवी माळ, आणि तो खर्च एकट्या विणकराला जड जातो. आम्ही पुठ्ठ्यांच्या जागी ४८ सोलेनॉइड (वीज दिली की खीळ सरकवणाऱ्या तारेच्या कॉइल) आणि त्यांना हुकूम देणारा एक आर्डुइनो, म्हणजे छोटा कंट्रोलर बोर्ड, बसवला. सोलेनॉइड फक्त हूक निवडतात, उचलायचं काम विणकराच्या पायाचंच. वीज कमी लागते, कॉइल तापत नाही आणि माग हातमागच राहतो. ही शेवटची गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात मोलाची. आराखडे, प्रोग्राम सगळं खुलं आहे, कुणीही बनवावं.

येवल्यातल्या विणकर काकांनी खोका पैठणीच्या काठाला लावू दिला. पदराला नाही. पदर तिल्ल्यांनी, म्हणजे रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्यांनी, एकेक रंग हातानं गुंतवत विणायचा. त्यावर चर्चाच नाही.

काठावर मुनियाची, म्हणजे नक्षीतल्या पोपटाची, चोच उमटली आणि ताण्यातला एक धागा तुटल्याचं चार ओळी उशिरा दिसलं. घातलेला बाणा काढायचा, तर त्याच ओळीचा ताणा पुन्हा उघडावा लागतो. पावडी (पायानं दाबायची पट्टी) दाबली की आमचा प्रोग्राम मात्र पुढचीच ओळ आणायचा.

"ताई, माघारी कसं जायचं?"

मी लॅपटॉपवर ओळीचा आकडा बदलून दाखवला.

"एका हातात धोटा, दुसरा हात्यावर. तिसरा कुठून आणू?" त्यांनी शेजारच्या जुन्या जेकार्डकडे बोट केलं. तिथे एक दोरी लोंबत होती. ती ओढून पावडी दाबली की पुठ्ठे उलटे फिरतात. ती दोरी मी कितीदा पाहिली होती. कशाची, हे कधी विचारलं नव्हतं.

ओसरीवरच सोल्डरिंग काढलं. एक स्विच, त्याला सुती दोरी, प्रोग्राममध्ये वजाबाकी. "आणि लाइट गेली तर?" काकूंनी विचारलं. मग चालू ओळीचा आकडा चिपमध्ये साठवण्याचीही सोय केली.

संध्याकाळी काकांनी चार वेळा दोरी ओढली, चार ओळी उसवल्या, धागा सांधला आणि मुनिया पुढे सुरू झाली. मग काकू मागावर बसल्या. त्यांचा हात दोरीपर्यंत पोचेना.

रात्री आराखडा सुधारताना दोरीच्या लांबीपुढे मी आकडा घातला नाही. लिहिलं: विणणाऱ्याला मागावर बसवून मोजावी.