गटार तुंबते ती बादलीमुळे

जानेवारीतली सकाळ. सांगलीतल्या एका खाऊगल्लीच्या कडेचं चेंबर उघडलं आणि रॉड आत शिरेना. चेंबर जेमतेम तीन फूट खोल, तरी आत माणूस उतरवायचा नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं बंद आहे, आणि कोंडलेला वायू काही खोली बघून मारत नाही. वरूनच लांब दांड्याच्या खुरप्याने खरवडायला घेतलं. पाइपच्या वरच्या अंगाला पिवळट पांढरा थर, चार बोटं जाड, सुरीने कापावा असा. त्यात कुरमुरे, मिरचीचे देठ, दोन-तीन लाकडी चमचे रुतलेले. प्लास्टिकची पिशवी निघाली एकच.

म्हणजे नेहमीचा आरोपी इथे नव्हता. जुलै 2022 पासून एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या प्लेटा-चमच्यांवर देशभर बंदी आहे. या गल्लीत बहुतेकांनी स्टीलच्या ताटल्या घेतल्या. कोरडा कचरा घटला, चांगलंच झालं. पण स्टीलची ताटली धुवावी लागते. ते पाणी कुठे जाणार याचा विचार बंदीबरोबर कुणी केला नाही.

"साहेब, आमी काय गटारीत त्याल वततोय व्हय? त्याल काय फुकाट मिळतंय?" भजीच्या गाड्यावरच्या मावशी म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. तेल कुणीच ओतत नाही. ते जातं ताटलीवरून, झाऱ्यावरून आणि कढईच्या तळाशी बसलेल्या बेसनाच्या गाळातून. साबण त्याचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळून ठेवतो, पाणी गरम असेल तर आणखीच. गटारीत गार पडलं की थेंब एकत्र येऊन भिंतीला धरतात आणि काँक्रीटमधून सुटणाऱ्या कॅल्शियमशी मिळून घट्ट होत जातात. त्यात गाड्यांवर पामतेल जास्त. थंडीतल्या रात्री ते गोठायलाच बघतं, म्हणून अशा तक्रारी डिसेंबर-जानेवारीत वाढतात.

कुणी कॉस्टिक सोडा सुचवला, कुणी उकळतं पाणी. दोन्हींनी थर इथून सुटतो आणि पुढच्या वळणावर बसतो. खरवडून बाहेर काढणं एवढाच उपाय.

कोडं वेगळंच होतं. गल्लीच्या तोंडाशी तेलकट पाण्यासाठी दोनशे लिटरचा निळा ड्रम आधीपासून बसवलेला होता. रचनाही बरोबर: आत येणारा पाइप एल्बो (काटकोनी जोड) लावून पाण्याखाली नऊ इंच बुडवलेला, बाहेर जाणारा टी (इंग्रजी T सारखा तीन तोंडांचा जोड) लावून तळापासून दहा इंचांवरचं पाणी उचलणारा, टीचं वरचं तोंड हवेसाठी उघडं, बाहेरची पातळी आतल्यापेक्षा दोन इंच खाली. तेल वर राहावं, गाळ खाली बसावा, मधलं पाणी जावं. तरी झाकण उघडल्यावर वर पातळसा तवंग, बस्स. सगळ्यांनी त्याचा अर्थ लावला होता की आपल्याकडे तेल कमीच आहे.

उत्तर रात्री साडेदहाला मिळालं. तोवर ड्रममध्ये अधूनमधून एखादी बादली पडत होती. मग गाडे बंद व्हायला लागले आणि चौदा गाड्यांवरून पंधरा लिटरच्या दोन-दोन बादल्या वीसेक मिनिटांत आल्या. चारशे वीस लिटर, म्हणजे मिनिटाला एकवीस. ड्रममध्ये कामाचं पाणी दीडशे लिटर, म्हणजे बादलीतल्या पाण्याला आत मुक्काम सात मिनिटांचा. तेल वर यायला किमान वीस मिनिटं शांत पाणी हवं. वर दणादण ओतल्यामुळे आधी जमलेला तवंगही ढवळून पाइपात जात होता. दिवसभराच्या पाण्याला दिवसभराच्या तासांनी भागून ड्रम घेतला की असंच होतं. हिशेब गर्दीच्या वीस मिनिटांचा करायचा.

आणखी दोन ड्रम ओळीने लावले, विटांवर, प्रत्येक पुढचा दोन इंच खाली. पहिल्याच्या तोंडावर भोकं पाडलेली बादली, तिच्यात जाळी, म्हणजे पाणी झिरपत उतरेल आणि शिते-कुरमुरे वरच अडतील. खरी कमाई मात्र ड्रमच्या आधीच आहे. ताटली आधी रद्दीने पुसायची. रद्दीवर खायला देणं शाईमुळे वाईट, पुसायला काहीच हरकत नाही. कढईचा गाळ लाकडाच्या भुशात मुरवून ओल्या कचऱ्यात द्यायचा. धुवायला गार पाणी आणि साबण बेताने. तेल फाडणारा भारीतला द्रव साबण तर इथे घातकच. त्याने तेल असं विरघळतं की तीन ड्रमही अडवू शकत नाहीत.

तवंग पहाटे काढायचा. थंडीत तो रात्रीतून सायीसारखा धरतो आणि झाऱ्याने अखंड उचलता येतो. दुपारी ऊन लागलं की पुन्हा पातळ. तळाचा गाळ आठवड्याने. कंटाळा केला तर आधी वास येतो, मग डास, आणि मग कुणीतरी रात्रीत ड्रम उपटून टाकतं.

मावशींनी विचारलं, "ही चरबी इकत घ्येत्यात का कोण?" कढईतलं वापरलेलं तेल घेतात. 2018 पासून त्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची रुको योजना आहे आणि त्या तेलाचं बायोडिझेल होतं. तळणीच्या तेलात 'टोटल पोलर कंपाउंड्स' (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात वाढत जाणारी संयुगं) 25 टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचंच नाही, असा नियमही आहे. ते गाळून वेगळ्या डब्यात, पाण्याचा थेंब न लागू देता ठेवलं तरच दर मिळतो. ड्रममधल्या तवंगात साबण आणि पाणी असतं, त्याला गिऱ्हाईक नाही. तो भुशात कालवून घंटागाडीला. मावशींनी दुसऱ्याच दिवशी झाकणाचा डबा आणला.