कोल्हापूरचं ‘पूर’ आणि शांपोलियाँचा ‘प’

कन्नड अक्षरं मला पहिल्यांदा भेटली ती बेळगाव स्टँडवर. वय सात-आठ. आजीला वाचता यायचं नाही आणि नंदगडला परतायची गाडी चुकायची तिला भारी भीती. “कुठली गाडी ही, बघ की गं!” आता कर्नाटकच्या गाडीची पाटी कन्नडात, मी काय बघणार?

पण कोल्हापूरला दोन्ही राज्यांच्या गाड्या जायच्या. महाराष्ट्राच्या एसटीवर नाव मराठीत, शेजारच्या गाडीवर तेच कन्नडात, आणि कंडक्टर ओरडून सांगायचाच. खानापूरच्या पाटीचं शेपूट कोल्हापूरसारखंच दिसलं, म्हणजे ‘पूर’ सापडलं! त्यातला ‘पु’ पुण्याच्या पाटीवर अगदी सुरुवातीला. निपाणीनं मात्र घोळ घातला. कन्नडात ती ‘निप्पाणी’, आणि दुसरा ‘प’ पहिल्याच्या पायाशी लोंबकळतो, हे कळायला बरेच दिवस गेले.

पुढं इतिहास शिकवायला लागल्यावर इजिप्तची जुनी चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियाँ या फ्रेंच पंडिताबद्दल वाचलं आणि हसूच आलं. रोझेटाच्या शिळेवर एकच मजकूर ग्रीकमध्ये आणि इजिप्शियन लिपींतही, आणि चित्रलिपीत लंबगोल चौकटीत टॉलेमी राजाचं नाव. 1822 च्या जानेवारीत इजिप्तमधल्या फिलीच्या स्तंभावरल्या लेखाची नक्कल हाती आली, तीत क्लिओपात्रा. प, ओ, ल ही चिन्हं दोन्ही नावांत जिथल्या तिथं. ‘त’ मात्र वेगळाच! एका उच्चाराला दोन चिन्हं असू शकतात, हे त्यानं ओळखलं. ही त्याची निपाणी. अर्थात नावं जुळवून भाषा कळत नाही. जुन्या इजिप्शियनचंच शेवटचं रूप असलेली कॉप्टिक त्यानं लहान वयातच घोटली होती. माझा कंडक्टर, तशी त्याची कॉप्टिक.

नोकरीत मात्र त्याचे हाल झाले. अठराव्या वर्षी, 1809 मध्ये, ग्रनोबलला इतिहासाचा प्राध्यापक. नेपोलियन पडला तशी नेपोलियनच्या बाजूच्या या माणसाची नोकरीही गेली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला इजिप्तचा संग्रह 1826 मध्ये त्याच्याकडं आला. प्रत्यक्ष इजिप्त पाहिला 1828 मध्ये, म्हणजे लिपी उलगडल्यावर सहा वर्षांनी. कॉलेज द फ्रान्समध्ये खास त्याच्यासाठी अध्यासन निघालं 1831 मध्ये, आणि 4 मार्च 1832 ला माणूस गेला. वय 41. व्याकरणाचा ग्रंथ मागं राहिलेल्या थोरल्या भावानं छापून आणला. मी एकाच शाळेत एकतीस वर्षं काढली, तीही कुरकुरत.

आजीला मी पाट्या बिनचूक वाचून दाखवायला लागले, तरी चढण्याआधी ती कंडक्टरला विचारायचीच. “पोरगी सांगते ते खरं असेल ओ, पण तुमी सांगा.”