‘पथेर पांचाली’ला दस्तऐवज म्हणण्यात काय चुकतं

१९५६च्या कान महोत्सवात सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ या बंगाली सिनेमाला जे बक्षीस मिळालं त्याचं नाव होतं ‘सर्वोत्तम मानवी दस्तऐवज’. १९५५ सालच्या सर्वोत्तम चित्रपटाचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदकही या सिनेमाच्या नावावर आहे. पण जगभर चिकटलं ते कानचं बिरुद, आणि माझ्या मते या सिनेमाचं जेवढं नुकसान या बिरुदानं केलं तेवढं कुणा टीकाकारानं केलेलं नाही. दस्तऐवज म्हटलं की वाटतं, सत्यजित राय कॅमेरा घेऊन बंगालच्या एका खेड्यात गेले, दारिद्र्य समोर होतंच, ते टिपलं आणि परत आले. कौतुक करणारे असंच बोलतात आणि नावं ठेवणारेही. १९८०मध्ये, राज्यसभेच्या सदस्य असताना, नर्गिस यांनी राय भारताची गरिबी परदेशात मांडतात असा आक्षेप घेतला, त्याच्या मुळाशीही हीच समजूत होती की गरिबी ‘मांडायला’ फार काही करावं लागत नाही.

प्रत्यक्षात हा सिनेमा कसा जुळवलाय ते एकदा तपशिलात बघा.

शूटिंगचा पहिला दिवस २७ ऑक्टोबर १९५२. जागा कोलकात्यापासून साधारण सत्तर मैलांवर, रेल्वेलाइनच्या कडेचं काशगवताचं माळरान. पांढरे तुरे डोक्याच्या वर गेलेले. दृश्य कागदावर अगदी साधं: थोरल्या बहिणीशी, दुर्गाशी, भांडण झालेला अपू तिला गवतात शोधतोय. कॅमेरामन सुब्रत मित्र तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेले होते आणि त्याआधी त्यांनी मूव्ही कॅमेरा हाताळला नव्हता. रायनीही तोवर एकही शॉट घेतलेला नव्हता. कॅमेरा सुरू झाला आणि सुबीर बॅनर्जी, म्हणजे अपू, कवायतीला निघाल्यासारखा सरळ चालत गेला. शोधणारं मूल असं चालत नाही. ते चार पावलं टाकतं, थांबतं, मान वळवतं, पुन्हा निघतं. आता सहा-सात वर्षांच्या पोराला ‘तू शोधतोयस असं दाखव’ म्हणून सांगितलं तर ते अभिनय करायला लागतं, आणि तो बघवत नाही.

रायनी समजावणं सोडून दिलं. तीन सहायकांना गवतात वेगवेगळ्या ठिकाणी लपवलं आणि ठरलेल्या क्षणी एकेकानं ‘अपू’ अशी हाक मारायची असं ठरवलं. हाक आली की पोरगा आपसूक त्या बाजूला बघणार. वाटेत काटक्या टाकून ठेवल्या, म्हणजे त्या ओलांडताना चाल अडखळणार. झालं. पडद्यावर जो बावरलेला, कावराबावरा अपू दिसतो, त्यात ‘नैसर्गिक’ म्हणावं असं फार थोडं आहे. बालकलाकारांसोबत काम करणाऱ्या कुणीही ही युक्ती पाठ करून ठेवावी: भावना मागू नका, शरीराला काम द्या.

पुढच्या रविवारी मंडळी परत गेली तर माळ रिकामा. गुरांनी सगळे तुरे खाऊन टाकले होते. दृश्य अर्धं हातात, अर्धं पुढच्या शरदावर. म्हणजे सिनेमातला सगळ्यांत गाजलेला, एका श्वासात घेतल्यासारखा वाटणारा प्रसंग मुळात वर्षाच्या अंतरानं जोडलेला आहे. आगगाडीचंही तेच. एका गाडीत पुरेसे शॉट मिळेनात म्हणून तीन वेगवेगळ्या गाड्या वापरल्या. आधीच्या स्टेशनावर आपला माणूस इंजिनात चढवला, कारण ठरलेल्या जागी भट्टीत कोळसा टाकून काळा धूर काढायचा होता. पांढऱ्या तुऱ्यांच्या पट्टीवर काळी रेघ ओढायची होती. हे चित्रकाराचं डोकं आहे. राय जाहिरात कंपनीत चित्रकार होते आणि पूर्ण पटकथेऐवजी त्यांच्याकडे प्रसंग रेखाटलेल्या वह्या होत्या, हे इथे आठवायचं.

बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या मूळ कादंबरीत दुर्गाला आगगाडी बघायला मिळतच नाही. सिनेमात रायनी दोघांना एकत्र धावायला लावलं, पण दुर्गा मागे राहते. रुळांपर्यंत पोचतो तो अपू. गाडी आपल्या आणि त्याच्यामधून जाते, चाकांच्या फटींतून तो दिसतो. पुढे तापात पडलेली दुर्गा पुन्हा गाडी बघायला जाण्याचं बोलते, तेव्हा हा मागे राहण्याचा हिशेब आपल्याला कळतो. कादंबरीशी ‘प्रामाणिक’ राहिले असते तर हे हाती लागलं नसतं.

आता मिठाईवाला. चिनिबास कावड खांद्यावर घेऊन येतो, पोरांकडे पैसे नाहीत, तरी ती त्याच्या मागे निघतात आणि पोरांच्या मागे कुत्रा. तळ्याच्या पाण्यात ही वरात उलटी दिसते. मिनिटभराचा खेळ, पण त्यातला प्रत्येक जण आपापल्या ठेक्यात चालतो. याची शिवण अशी: पैसे संपून काम महिनोन् महिने बंद पडलं, तेवढ्यात मिठाईवाल्याचं काम करणारा माणूस वारला. तसाच अंगापिंडाचा दुसरा शोधला. पहिला बांबूच्या बनातून बाहेर येतो, कट, दुसरा पाठमोरा शेजारच्या मुखर्जींच्या दारातून आत शिरतो. कुत्राही मधल्या काळात मेला आणि त्याच्या रंगाचा दुसरा आणावा लागला. पोरांच्या मागे चालायला तो तयार नव्हता, म्हणून दुर्गाच्या पाठीमागच्या हातात संदेश, म्हणजे बंगाली मिठाई, धरून ठेवला, त्याच्या वासानं तो निघाला. सिनेमा दहा वेळा बघितलेल्यांनाही ही अदलाबदल दिसत नाही. कारण साधं आहे. चाल जुळलेली असली की डोळा चेहरा तपासत नाही. कट हालचालीवर घ्यावा हे संकलनाच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतं. इथे त्यानं एक मेलेला माणूस झाकला.

पैशाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, थोडक्यात आटपतो. विम्याची पॉलिसी गेली, पत्नीचे दागिने गहाण पडले, शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं पैसे दिले आणि ते रस्तेसुधारणेच्या खात्यातून गेले. नावात ‘पथ’ असल्याचा इतका रोख फायदा दुसऱ्या कुठल्या सिनेमाला झाला नसेल. या रखडण्याच्या काळात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी दिसायला लागली नाही आणि ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवी काम पुरं होईपर्यंत टिकल्या, यालाच राय चमत्कार म्हणत.

चुनीबाला देवींची म्हातारी इंदिर ठाकरुण आणि करुणा बॅनर्जींची सर्बजया, म्हणजे अपू-दुर्गाची आई, यांच्यातलं नातं परदेशी प्रेक्षकाला अर्धंच कळतं असं माझं मत आहे. इंग्रजी सबटायटल्समध्ये म्हातारी नुसती ‘आंटी’ होते. दुर्गा तिला ‘पिशी’ म्हणते, म्हणजे आत्या. म्हणजेच सर्बजयेची ती लांबची का होईना, नणंद. एवढं कळलं की स्वयंपाकघरातून मिरची उचलण्यावरून होणाऱ्या कुरबुरी, आश्रित नणंदेचा हट्ट आणि भावजयीचं टोचून बोलणं यातलं काहीच आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. शेवटच्या खेपेला म्हातारी आजारी होऊन दारात येते, इथेच राहू दे म्हणते. सर्बजया नाही म्हणते. म्हातारी पाणी पिते, उरलेलं रोपट्याला घालते आणि निघते. पुढे बांबूच्या बनात ती पोरांना बसलेली सापडते, दुर्गा तिला हलवते आणि ती कलंडते.

राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान १९५३च्या ‘श्यामची आई’चा, आणि दोनच वर्षांनी तो ‘पथेर पांचाली’ला गेला. दोन्हीकडे खेडं, दारिद्र्य, गाजलेली कादंबरी आणि मधोमध आई. पण अत्र्यांच्या सिनेमातली आई बोलते तेव्हा आपण सावरून बसतो; पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, हे ऐकताना ती बरोबरच असणार याची खात्री असते. सर्बजया चुकते. म्हातारीला हाकलते, चोरीच्या आळामुळे दुर्गाला केस धरून फरफटत बाहेर काढते, आणि दार लावून रडते. वनमालाबाईंच्या आईला नमस्कार करावासा वाटतो, सर्बजयेचा राग येतो आणि मग आपलाच येतो. मराठी सिनेमाला पहिल्या सुवर्णपदकाचा अभिमान असावाच, पण आई चुकलेली दाखवायचं धाडस त्यातून आपण शिकलो नाही, असं म्हटल्याशिवाय राहवत नाही.

ध्वनीबद्दल लोक कमी बोलतात. अपूचे वडील हरिहर कित्येक महिन्यांनी घरी येतात; हरिहर पिशवीतून एकेक वस्तू काढून दाखवतो, आणि दुर्गासाठी आणलेली साडी सर्बजयेच्या हातात देतो. दुर्गा गेलीय हे त्याला माहीत नाही. सर्बजया साडी तोंडाशी धरते आणि हंबरडा फोडते, पण तो आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य आहे, दक्षिणामोहन ठाकूरांनी वाजवलेलं, पटदीप रागाच्या वरच्या सुरांत. खरं रडणं ठेवलं असतं तर प्रेक्षकानं कान मिटून घेतले असते, रडण्याचा आवाज पडद्यावर फार लवकर असह्य होतो आणि मग खोटा वाटतो. इथे तोंड दिसतं, आवाज वाद्याचा येतो आणि मधली जागा ज्यानं त्यानं आपल्या अनुभवानं भरायची. दस्तऐवजात असं करता येत नाही.

रविशंकरांनी हे सगळं संगीत एका बैठकीत, अकरा-एक तासांत, पहाटेपर्यंत बसून केलं. सिनेमा त्यांनी पुरता पाहिलेलाही नव्हता. त्या घाईची खूण राहिलीय. बासरीवरची मूळ धून अप्रतिम, पण पूर्वार्धात ती जरा जास्त वेळा येते, आणि काही ठिकाणी सतार दृश्याआधीच दुःखी होते. संकलनही दुलाल दत्त आणि राय यांनी रात्रंदिवस बसून उरकलं, कारण मे १९५५मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात पहिला खेळ ठरला होता. पहिल्या तासात दोन-तीन प्रसंग दमानं कापायला हवे होते. जत्रेचा, म्हणजे बंगाली लोकनाट्याचा प्रयोग मला लांबलेला वाटतो. अपूच्या डोळ्यांवरचे शॉट ठेवून बाकीचा निम्मा गेला असता तरी चाललं असतं. हरिहरही थोडा पातळ राहिलाय. त्याचं परगावी जाणं पत्रांतून कळतं आणि पत्रं ही सिनेमात नेहमीच आळशी सोय असते. उत्तरार्धाला मात्र, पाण्यावरच्या किड्यांपासून आणि गळ टाकून बसलेल्या टकल्याच्या डोक्यावर पडणाऱ्या पहिल्या थेंबापासून पुढे, कात्री लावायला जागा नाही.

बघायचा असेल तर प्रत नीट निवडा. १९९३मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत मूळ निगेटिव्ह होरपळली. उरलेले तुकडे अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीनं जपून ठेवले, आणि पुढे इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ठिसूळ झालेली फिल्म पुन्हा मऊ करून, फाटलेल्या कडा हातानं जोडून, जवळजवळ हजार तास खर्चून ती स्कॅन केली. जिथे निगेटिव्ह गेलीच होती तिथे दुसऱ्या चांगल्या प्रतींमधून भर घातली. ही फोर-के आवृत्ती २०१५ची. फुकट मिळणाऱ्या जुन्या प्रतींमध्ये तीन गोष्टी हमखास बिघडलेल्या असतात. आकाश पांढरंफटक होऊन काशाचे तुरे त्यात विरघळतात. कंदिलाच्या उजेडातली रात्रीची दृश्यं, जी स्टुडिओत घेतलेली आहेत, नुसती काळी होतात. आणि तारांच्या खांबाला कान लावल्यावर ऐकू येणारी गुणगुण घरघरीत बुडते. टीव्हीवर लावताना चित्र ताणून पडदाभर करू नका, हा सिनेमा जवळजवळ चौकोनी आहे, डावी-उजवीकडे काळी पट्टी राहायलाच हवी.

प्रत बरी आहे की नाही हे तपासायला माझी एक खूणगाठ आहे. शेवटी गाव सोडण्यासाठी आवराआवर चाललेली असताना अपूला फळीवर करवंटीत ती मण्यांची माळ सापडते, जिच्या चोरीवरून दुर्गानं मार खाल्ला होता. करवंटीतून कोळी निघतो. अपू कुणाला काही सांगत नाही, धावत जाऊन माळ तळ्यात भिरकावतो. पाण्यावर पसरलेल्या शेवाळाला भोक पडतं, खालचं काळं पाणी दिसतं, आणि शेवाळ हळूहळू परत सरकायला लागतं. खराब प्रतीत हा सगळा एकच करडा डाग दिसतो. चांगल्या प्रतीत ते भोक मिटत जाताना स्पष्ट दिसतं आणि कॅमेरा ते बघत तिथेच थांबतो.