फुलायची जाळ आणि नरारा येथील ओहोटी : कच्छच्या आखाताकाठी पाच दिवस

जानेवारीच्या अखेरीस आम्ही चौघे नोंदवही घेऊन कच्छच्या आखाताच्या दोन्ही बाजूंना फिरलो. मुंबईहून भुजला थेट रेल्वे असल्याने पोहोचणे अवघड नाही. वेळ कुठे किती द्यावा, हे मात्र आधी ठरवावे लागते. एका दिवसात चार ठिकाणे उरकण्यापेक्षा एका झुडपापाशी एक सकाळ आणि एका ओहोटीसाठी एक दिवस राखून ठेवणे केव्हाही चांगले, असे माझे स्पष्ट मत झाले.

कच्छमधील फुलाय गावाबाहेर पिलूची झुडपे आहेत. तिकडे त्यांना खारी जाळ म्हणतात. इराण-इराककडे वीण करणारा ग्रे हिपोकोलियस हा पक्षी हिवाळ्यात या झाडाची फळे खाण्यासाठी इथवर येतो, आणि त्याच्या कुळात ही एकच जात आहे. सूर्योदयापूर्वी आम्ही वीस पावलांवर जाऊन बसलो. पहिला अर्धा तास पांढऱ्या गालांच्या बुलबुलांखेरीज काही दिसले नाही. मग एक नर सरळ रेषेत उडत आला. अंग राखाडी, डोळ्यांवरून मानेमागे गेलेली काळी पट्टी, शेपटीचे टोक काळे. पंख मिटण्याआधी त्यांची पांढरी टोके क्षणभर दिसली आणि तो झुडपाच्या आत शिरला. त्यानंतर हलणाऱ्या फांद्यांवरून तो कुठे आहे, एवढेच कळत होते. त्याच्यामागे झुडपात शिरू नये. फळे संपली की तो आपणहून बाहेर येतो.

आसपास गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, सर्वत्र पसरलेली आहे. रणाचा खारेपणा पुढे सरकू नये म्हणून 1961 मध्ये बन्नी या गवताळ प्रदेशात तिची लागवड झाली, आणि आज तिने गवताची मोठी जागा व्यापली आहे. म्हणूनच जाळीचे प्रत्येक जुने झुडूप मला मोलाचे वाटते. नोंद करताना पक्ष्याबरोबर तो कोणत्या झाडावर होता, हेही अवश्य लिहावे. जवळच्या छारी ढंढ या पाणथळ जागी क्रौंचांसाठी संध्याकाळ राखावी.

आखाताच्या दक्षिण काठावरील, जामनगरच्या बाजूचे नरारा हे प्रवाळांचे ठिकाण 1982 मध्ये घोषित झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात येते. येथे सारे ओहोटीवर अवलंबून आहे. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग सांगायला नको : अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत दूर जाते, अष्टमीच्या भांगाला मात्र प्रवाळाचा थोडाच भाग उघडा पडतो. म्हणून रेल्वेचे आरक्षण करण्याआधी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या दीड तास आधी चालायला लागावे, आणि ते फिरले की लगेच परतावे, कारण भरती मागच्या चरांतूनही भरत येते.

एका उथळ डबक्यात पोटावर ठिपके असलेला खेकडा दगडाखाली सरकला. तेवढ्यात ज्याला आम्ही दगड समजत होतो, त्याने रंग बदलला आणि तो ऑक्टोपस निघाला. आमच्या वाटाड्याने फुगा मासा पाण्याबाहेर काढून फुगवून दाखवला, तेव्हा मला फार वाईट वाटले. फुगणे हा त्या माशाचा जीव वाचवण्याचा शेवटचा उपाय असतो. निघण्यापूर्वीच वाटाड्याला सांगावे की आम्हाला सर्व काही पाण्यातच पाहायचे आहे; आम्ही पुढे तसे सांगितले आणि त्याने ते लगेच मानले. पाय झाकणारे, घट्ट बुटच घालावेत, जिवंत प्रवाळावर पाऊल ठेवू नये, आणि उचललेला दगड होता तसाच परत ठेवावा.

भुज ते जामनगर या रस्त्याला पाच-सहा तास लागतात, त्यामुळे तो दिवस प्रवासासाठीच मोकळा ठेवावा.