तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना दर बॅचला कुणीतरी विचारतंच, "मॅडम, लिस्ट सॉर्ट करा, म्हणजे यादी क्रमानं लावा, आणि मूळ जागा हवी असेल तर इंडेक्सनं, म्हणजे जागा सांगणाऱ्या आज्ञेनं, शोधा. दोन ओळींचं काम. सगळीकडे एन्युमरेट, म्हणजे प्रत्येक मूल्याला त्याच्या जागेची जोडी लावणं, कशाला?" आजवर 'सवय आहे' म्हणून मी वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं.

सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये मी सराव परीक्षांचे निकाल लावायचे. नावं एका लिस्टमध्ये, गुण दुसरीत, दोन्ही हजेरी क्रमांकानं. मी गुण उतरत्या क्रमानं लावले, एकेक गुण जुन्या लिस्टमध्ये इंडेक्सनं शोधला आणि त्या जागेवरचं नाव छापलं. आधी पाच मुलांवर तपासलं होतं. पाचांचे गुण वेगवेगळे होते. पहिली दहा नावं बोर्डावर लागली.

दुसऱ्या दिवशी हडपसरहून एक वडील आले, मुलगी मागे उभी. त्यांनी यादीवरून बोट खाली नेलं, मग पुन्हा वरून सुरुवात केली. "हिचं नाव नाही." मी म्हटलं, दहात नसेल बसत. त्यांनी पेपर पुढे केला. ८७. यादीत ८७ दोनदा होते आणि दोन्ही ओळींत एकाच मुलाचं नाव. वडील आवाज न चढवता म्हणाले, "एकच नाव दोनदा आलंय, हे लावताना कुणी वाचलंच नाही का?" खाली सही माझी होती. मुलगी दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बोर्डाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. संध्याकाळी पूर्ण यादी काढली. खाली तर काही नावं तीन-तीनदा होती.

[७२, ८७, ६५, ८७] घ्या. इंडेक्सला ८७ कितीदाही विचारा, ते पहिली जुळणारी जागा सांगतं, म्हणजे १ (पायथन जागा शून्यापासून मोजतं). एन्युमरेट सॉर्टच्या आधीच प्रत्येक गुणाला त्याची जागा बांधून देतं: (०, ७२), (१, ८७), (२, ६५), (३, ८७). क्रम लावणाऱ्या सॉर्टेडला 'की' (key, म्हणजे कशावरून क्रम लावायचा ते) म्हणून जोडीतला दुसरा आकडा द्या, उतरत्या क्रमासाठी रिव्हर्स ट्रू करा. जागा येतात १, ३, ०, २. दोन्ही ८७ आपापली ओळख ठेवून. शिवाय इंडेक्स दर वेळी लिस्ट पहिल्यापासून चाळतं, तो वेळ वेगळाच.

तेव्हाची मी अजून वाद घालते: सारखे गुण येतील हे मला कुणी सांगितलं होतं? अगं, पेपर १०० गुणांचा, अर्धे गुण देत नव्हते, मुलं दीडशे. ० ते १०० मिळून १०१ आकडे. सारखे येणारच होते. हे कुणी सांगायला हवं होतं?

तरी माझं समाधान झालेलं नाही. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी लिहिलेलं सॉर्ट स्थिर आहे: सारखी मूल्यं मूळ क्रमानंच राहतात, रिव्हर्स लावलं तरी. म्हणजे बरोबरीत हजेरीत आधी असेल तो वर. आता मी दोघांपुढे एकच क्रमांक छापते, पण कागदावर एक ओळ वर राहते, एक खाली. आमची हजेरी आडनावांप्रमाणे होती. त्या मुलीचं आडनाव श वरून होतं.